चाकाखालचा धोंडा

तुम्ही माझे कोण लागता, मला ठाऊक नाही. म्हणूनच तुम्हाला सांगतोय. आमच्या हिला सांगितलं नाही – सगळा जन्म शेजारी बसून जेवलो, तरी नाही. मुलांना नाही, मित्रांना नाही. देवासमोरही कधी बोललो नाही, कारण तिथे बोललं की आपल्याच कानांना ऐकू येतं. आणि आता अचानक गप्प बसवत नाही, त्याचं कारण असं की गेल्या महिन्यात माझा सत्कार झाला.

शाल, श्रीफळ, हार. मानवतच्या, मी शिकवायचो त्याच शाळेच्या पटांगणात मांडव. मानपत्रात लिहिलेलं – निजामाच्या नाकावर टिच्चून पोरांना मराठीतून धडे देणारे गुरुजी. टाळ्या काय, घोषणा काय. मी खाली मान घालून बसलो होतो आणि लोक म्हणत होते, बघा, विनय बघा किती. विनय कसला डोंबलाचा. मला राग आला होता. असा राग की खांद्यावरची शाल काढून भिरकावून द्यावी. भिरकावली का? नाही. घडी करून घरी आणली. कपाटात आहे.

मानपत्रात लिहिलं ते खोटं नव्हतं, हीच तर खरी पंचाईत आहे. खोटं असतं तर सोपं होतं – उठून म्हणालो असतो, चूक आहे. पण मी पोरांना मराठीतून शिकवत होतो, चोरून शिकवत होतो, हे अगदी खरं. तेवढंच खरं लोकांनी धरलं आणि मी त्यांना धरू दिलं. उरलेलं मीच गिळून बसलो.

तर मुळापासून सांगतो. निजामाच्या अखेरच्या वर्षांतली गोष्ट. मी मानवतच्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायला होतो. अंगात शेरवानी, डोक्याला टोपी, सुट्टी शुक्रवारची. सकाळी सरकारच्या सलामतीची दुआ म्हणायची आणि मग वर्ग. आसपासच्या खेड्यांतली पोरं चौथीपर्यंत गावच्या शाळेत मराठी शिकून यायची आणि पाचवीत आमच्याकडे आली की सगळं उर्दूतून. गणित उर्दूतून, भूगोल उर्दूतून. आणि इंग्रजीही. म्हणजे काय, तर इंग्रजी शब्द फळ्यावर लिहायचा आणि त्याचा अर्थ उर्दूत सांगायचा. पोराला ना हा कळे ना तो. एका अनोळखी माणसाची ओळख दुसऱ्या अनोळखी माणसाकडून करून द्यावी, तसला प्रकार. पोरं दोन्ही पाठ करायची आणि परीक्षेत ओकायची. आणि आम्ही त्याला शिक्षण म्हणायचो.

आमची एक युक्ती होती. सांगायला आता लाज वाटते, तेव्हा अभिमान वाटायचा. वर्षातून एकदा तपासणीला वरचे साहेब यायचे, त्यांना मोहतमीम म्हणत. ते आले की मास्तराने वाचनाचं पुस्तक त्यांच्या हातात द्यायचं, साहेबांनी ते उघडायचं आणि जे पान उघडेल ते पोराने वाचून अर्थ सांगायचा, असा रिवाज. तर आम्ही काय करायचो? तपासणीआधी ते पुस्तक एका ठरलेल्या धड्यावर उघडं ठेवायचं आणि वर वरवंटा ठेवून द्यायचा. आठवडाभर दाबलं की शिवण अशी मोडायची, की पुस्तक कुणीही कसंही उघडो – उघडणार तेच पान. तो एक धडा साऱ्या वर्गाला तोंडपाठ. साहेब खूश, आम्ही खूश. शाळेतले सगळेच मास्तर असं करत. माझ्या आधीच्या मास्तराने नोकरी सोडताना मला दोन गोष्टी दिल्या – खडूंची डबी आणि हा वरवंटा.

पण मला शिकवायची खाजही होती, हेही सांगतो. वर्गाच्या दाराशी एक पोरगा नजर ठेवायला उभा करायचा आणि आत मराठीतून इंग्रजी. शाळेसमोरून जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांची रांग लागायची. मी पोरांना कुंपणाशी नेऊन उभं करायचो. हे काय? चाक. इंग्रजीत? व्हील. तो काय? बैल. तो बसलाय का उभा? पोरं एकदम ओरडायची, गाडीवान हसायचे, बैल कान हलवायचे. चार महिन्यांत ती पोरं असं इंग्रजी समजायला लागली की मीच चकित झालो. मग शेवटच्या दहा मिनिटांत उर्दू अर्थाची घोकंपट्टी, साहेबांसाठी. आत एक, बाहेर एक. मला वाटायचं, मी लय शहाणा.

या पोरांत एक नरसिंग होता. पोखर्णीचा. गावात नरसिंहाचं मोठं देऊळ, त्यामुळे तिथे दर दोन-चार घरांत एखादा नरसिंग असतोच. बाप लहानपणीच गेलेला, आई दुसऱ्यांच्या रानात कामाला. तो गावच्या शाळेत चौथी झाला तेव्हा मी काही कामाने तिकडे गेलो होतो आणि त्याला वाचताना ऐकलं. देवळाच्या पायरीवर बसून कुठल्याशा जुन्या औषधाच्या वेष्टनावरची अक्षरं लावत होता. मी त्याच्या आईला गाठलं. मानवतला त्याचा मामा होता, त्याच्याकडे ठेवा म्हणालो. त्या वर्षी सरकारने काढलं होतं की आमच्यासारख्या शाळेतल्या पाचवीतून एक मुलगा निवडायचा आणि परभणीच्या मोठ्या शाळेच्या बोर्डिंगात घालायचा. राहणं-जेवण, कपडे, पुस्तकं, सगळं सरकारी. निवड तपासणीच्या दिवशी साहेब करणार.

त्याची आई देवळासमोर उभी होती. डोक्यावरचं गवताचं ओझं तिने खाली ठेवलं नाही, तशीच बोलली. "तुमी म्हणायलात म्हणून धाडायले मी. मामा त्याला सालभर ठिवल, पुढं न्हाई ठिवायचा. पुढं काय करू मी, मास्तर?"

मी म्हणालो, पुढचं माझ्याकडे लागलं. देवळाच्या दारात म्हणालो. हे वाक्य मला कुणी बोलायला लावलं नव्हतं.

नरसिंगाची हुशारी मी काय सांगू. इतर पोरं शब्द धरायची, हा गोष्ट धरायचा. त्याचं उर्दू मात्र कच्चं. ऐकलेलं कळायचं, बोलताना अडखळायचा. मी त्याला बजावलं होतं – अर्थ मनात आपल्या भाषेत लाव, तोंडाने उर्दूत सांग. तो मान डोलवायचा. ठरलेल्या धड्याचा उर्दू अर्थ त्याचाही पाठ होताच. तेव्हा मला काळजी नव्हती. वरवंट्याखाली पुस्तक होतं.

संक्रांत होऊन गेलेली, थंडी होती. साहेब स्टेशनवरून टांग्याने आले. सकाळीच दुआ ऐकून मला म्हणाले की तुमच्या वर्गाचे उर्दू उच्चार साफ आहेत, तुमचेही साफ आहेत. तुम्ही कुठले? मी म्हणालो, परभणीचा. मी पेडगावचा. पण पेडगाव म्हणालो नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

साहेब वर्गात आले. मी पुस्तक पुढे केलं. त्यांनी ते हातात घेतलं, हसले, टेबलावर ठेवलं आणि बगलेतून स्वतःचं पुस्तक काढलं. तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांत इतक्या शाळा हिंडलेला माणूस – त्याला वरवंटा ठाऊक नसेल?

पहिली काही पोरं वाचताना अडली आणि बसलीच. मग काशिनाथ उठला. वाण्याचा मुलगा, बाजारात दुकान, घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे उर्दू चांगलं. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी मुठीत धरून त्याने चार ओळी कशाबशा वाचल्या आणि अर्थ अर्धामुर्धा सांगितला, पण सांगितला अदबीने, उर्दूत. साहेब म्हणाले, ठीक. मग नरसिंग.

त्याच्यासमोर जे पान आलं ते मी कधी शिकवलं नव्हतं. एक शेतकरी, त्याची गाडी, आणि गाडी पुढे जाईना अशी गोष्ट. नरसिंगाने सुरुवातीला बोट ठेवून वाचलं, मग बोट उचललं. गोष्ट पुढे सरकली तसा त्याचा चेहरा उजळत गेला – मी समोरच उभा होतो, मी पाहिलं. कुणी न शिकवलेलं पान पोराला आपोआप कळत होतं. जन्मात पहिल्यांदा. मास्तराला आयुष्यात असा क्षण किती वेळा दिसतो? मला तो दिसला.

साहेबांनी विचारलं, मतलब?

आणि तो हरखला. उर्दू, बजावणी, सगळं विसरला. माझ्याकडे बघत भडाभडा बोलला. "बैल अडला न्हवता. चाकाखाली धोंडा व्हता. मालकानं बैलाला लय मारलं, पण धोंडा पाहिलाच न्हाई. त्याच्या पोरीनं पाहिला. तिनं धोंडा काढला, मंग बैल आपूनच चालला."

साहेब हैदराबादकडचे, मराठी त्यांना येत नव्हतं. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे वळले. इथे मला थांबावंसं वाटतंय. इतकी वर्षं या गोष्टीपाशी येऊन मी थांबतच आलोय.

आमच्याकडे हे साहेब लोक म्हणजे जुलमी राक्षस, असं आता सगळे बोलतात. काही होतेही तसे. सत्कारात भाषण करणाऱ्याने या साहेबांनाही तसंच रंगवलं – डोळे वटारणारे, काठी आपटणारे. मीही इतकी वर्षं हॉटेलात, लग्नांत, गप्पांत त्यांना तसंच रंगवत आलो. कारण ते राक्षस असल्याशिवाय मला वीर होता येत नव्हतं. ते तसे नव्हते हो. बारीक चणीचे, दम्याने बेजार, पोरांना बेटा म्हणणारे गृहस्थ. त्यांनी मला काय विचारलं, ऐका. शब्दन्‌शब्द आठवतो.

"मास्टर साहब, जबान को छोडिए. बच्चे ने मतलब सही बताया?"

भाषा कुठलीही असू दे, म्हणाले. अर्थ बरोबर आहे का, एवढंच सांगा. दार त्यांनीच उघडून दिलं होतं. मला फक्त मान हलवायची होती.

मी म्हणालो, "जी नहीं साहब. कुछ भी बक रहा है."

झालं. एवढंच. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

साहेबांनी पुन्हा नरसिंगाकडे पाहिलं. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. स्वतःशी पुटपुटल्यासारखं म्हणाले, वाचतो तर छान, पण समजत नाही, पाठ केलं असावं. साऱ्या वर्गात ज्या एकाच पोराला पाठ न करता पान कळलं होतं, त्याच्या माथी घोकंपट्टी मारली गेली. आणि टेबलावर माझं शिवण मोडलेलं पुस्तक पडलं होतं, त्याच ठरलेल्या पानावर आपसूक उघडलेलं. परभणीच्या बोर्डिंगात काशिनाथ गेला.

वर्गातल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं की नरसिंगाचा अर्थ बरोबर होता. प्रत्येकाने माझं उत्तर ऐकलं. तेवढं उर्दू सगळ्यांना येत होतं. एकही बोलला नाही. बोलणार कसं? मास्तराने सांगितलेलं खरं, हेही मीच त्यांना शिकवलं होतं.

अजून संपलं नाही. साहेब गेले, सदर मुदर्रिस म्हणजे आमचे हेडमास्तर त्यांना टांग्यापर्यंत सोडायला गेले, आणि मी नरसिंगाला पुढे बोलावून हातावर छड्या मारल्या. का? साहेबांसमोर मराठी बोललास म्हणून. ज्याच्याकडून मीच रोज मराठीत बोलून घेत होतो, त्याला मराठी बोलला म्हणून मारलं. तो रडला नाही. हात काखेत दाबून उभा राहिला आणि विचारलं –

"मास्तर, कुठं चुकलं?"

टोमणा नव्हता तो. असता तर मी आज सुखाने जगलो असतो. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता. मास्तर म्हणतात चूक, म्हणजे चूक असणारच, फक्त कुठली ते सांगा म्हणजे दुरुस्त करतो. तेव्हा तरी सांगता आलं असतं. वर्गात नाही तर मागाहून, एकट्याला. अरे, चुकलं नाही, माझंच चुकलं. इतकं लहान वाक्य.

मी म्हणालो, "सगळंच."

त्यानंतर काही दिवस तो शाळेत येत होता. मी कुंपणाशी नेऊन विचारलं, हे काय, तर गप्प. तोंड उघडायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघायचा. ज्याला पान कळत होतं त्या पोराला आपल्या कळण्याचाच भरवसा राहिला नाही. बैल समोर उभा असूनही तो बैल आहे का, हे त्याला मला विचारावंसं वाटू लागलं. आणि एक दिवस त्याची आई आली. मामाच्या दारात उभी राहून त्याचं बोचकं उचललं. मी रस्त्याच्या पलीकडे होतो. तिने मला पाहिलं. काहीतरी म्हणेल असं वाटलं. नुसता नमस्कार केला आणि पोराला घेऊन निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, काळच तसा होता. नोकरी गेली असती, बदली झाली असती, कोण जाणे काय काय झालं असतं. मीही स्वतःला हेच सांगत आलो. पेडगावच्या बाजूच्या एका मास्तराची त्याच सुमारास लांब कर्नाटकात बदली झाली होती, तो मराठीचं काही करतो म्हणून. भीती होती, हे खरं. पण साहेबांनी स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं – भाषा सोडा. त्यानंतर कसली भीती? भीतीची सोय तर त्यांनीच काढून घेतली होती. नाही. भीतीने मी गप्प राहिलो असतो. 'बक रहा है' हे भीतीचं बोलणं नव्हे.

खरं कारण सांगतो. मला लाज वाटली. न्हवता, व्हता, न्हाई, लय, मंग – ते सगळं त्या स्वच्छ उर्दूच्या समोर, त्या चष्म्याच्या समोर, सकाळीच ज्याने माझे उच्चार साफ म्हटले त्या माणसाच्या समोर, धबाधबा सांडलं. आणि मला वाटलं, माझेच कपडे कुणी फेडले. कारण तसं मीच बोलत होतो लहानपणी. माझी आई पेडगावात तसंच बोलायची, मरेपर्यंत तसंच बोलली. मी ते घासून घासून काढलं होतं. वर्गाचं दार लावून, पोरांमध्ये, ती बोली मला गोड वाटायची – आतल्या आत, कुणी बघत नसताना. बाहेरचा एक माणूस आत आला आणि मला ती घाण वाटली. नरसिंगाचा अर्थ चुकला नव्हता, त्याचा आवाज माझ्या आईचा होता. तो मी साहेबांच्या पायाशी फेकला आणि म्हणालो, हा माझा नव्हे.

आणि असल्या माणसाला तुम्ही मराठीचा पाईक म्हणून शाल पांघरता? पांघरा. मीही पांघरून घेतली.

पुढे पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, शाळा मराठी झाली. रातोरात माझं चोरून शिकवणं पुण्याचं ठरलं. जे तेव्हा वर्गात होते त्यांनीच गावभर सांगितलं, आमच्या मास्तरांनी काय धाडस केलं. त्यात नरसिंगाचं नाव कुणी घेत नसे. पोरं मोठी झाली, त्यांना बहुधा छडी आठवत नव्हती, किंवा आठवायची नव्हती. काशिनाथ वकील झाला. सत्कारात मुख्य भाषण त्याचंच. कुंपणाशी उभं राहून व्हील म्हणायला शिकवल्याचं त्याने फार सुंदर सांगितलं, लोक हसले. बोलता बोलता एकदा त्याची नजर माझ्यावर आली आणि लगेच मांडवाच्या खांबाकडे गेली. म्हणजे त्याला आठवतं. तोही त्या जागेवर बसूनच मोठा झालाय. आम्ही दोघांनी मिळून मूग गिळले आणि वर पेढा खाल्ला.

एवढ्यावर थांबलो तरी तुम्ही मला पुरेसा ओळखला असता. पण पुढचं सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही. आणि मला वाटतं, ते पहिल्याहून वाईट आहे.

त्याच शाळेत मी पुढे हेडमास्तर झालो. पाचवीत येणाऱ्या पोरांना आम्ही थोडं वाचायला लावून पाहायचो. एका जूनमध्ये एक माणूस मुलीला घेऊन आला. धोतर, खांद्यावर उपरणं, उन्हाने रापलेला. दारात उभा राहिला, आत येईना. मी मुलीला नाव विचारलं, पुस्तक दिलं. ती चुणचुणीत, धडाधड वाचलं, अर्थ सांगितला – तशाच बोलीत, न्हाई आणि व्हता. मी शाबास म्हणालो, अगदी बरोबर म्हणालो, खोलीत बसलेल्या दोन तरुण मास्तरांना ऐकू जाईल असं म्हणालो. बोलीभाषा हीच खरी भाषा, असंही काहीतरी वर बोललो. तोवर मी अशी वाक्यं बोलायला सरावलो होतो.

मग दारातला माणूस म्हणाला, "मास्तर, वळखलं का? म्या नरसिंग, पोखर्णीचा."

मी म्हणालो, वा वा, ये की आत. तो आला नाही. उपरण्याचं टोक हातात घेऊन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे मी पुन्हा सांगतो. संकोच होता, इतक्या मोठ्या माणसाला इतकी लहान गोष्ट विचारावी का, असा.

"एक इचारू का, मास्तर? त्या बैलाच्या धड्याचा अर्थ काय व्हता वो? इतकी सालं झाली. गाडी हाकताना लय येळा मनात येतं. मला वाटायचं, बैल अडला न्हवता. पण ते तर चूक व्हतं. मंग बरोबर काय व्हतं?"

ऐकलंत? इतकी वर्षं तो माणूस बैलांच्या मागे चालत होता आणि आपलं कुठं चुकलं ते शोधत होता.

मी कुणाकुणाला दोष द्यायचा आता? निजाम गेलेला. साहेब नव्हते. समोर उर्दू नव्हतं, शेरवानी नव्हती, नोकरीला धोका नव्हता. शाळेत सगळ्यांत वरचा मीच होतो. खोलीत होते फक्त ते दोन तरुण मास्तर, जे मला मान द्यायचे. आणि ती मुलगी, बापाच्या आणि माझ्या तोंडाकडे आळीपाळीने बघणारी. तिच्यासमोर तिच्या बापाला सांगायचं होतं – तू बरोबर होतास. तीन शब्द. दुसऱ्यांदा कुणीतरी दार उघडून दिलं होतं.

मी म्हणालो, "कुठला धडा रे? मला आता काही आठवत नाही."

त्याने मान डोलवली, जशी लहानपणी डोलवायचा. "मंग जाऊ द्या," म्हणाला. आणि मुलीच्या पाठीवर हात ठेवून तिला सांगितलं, "मास्तर म्हणतेल तेच खरं धरायचं बरं का, बाई."

आणि तिला माझ्याकडे सोपवून गेला.

मुलगी चांगली शिकली, त्यात माझा काही वाटा नाही. नरसिंग पोखर्णीलाच आहे. माझ्यासारखाच म्हातारा झाला असेल. आता मी रिटायर होऊन परभणीत राहतो. पोखर्णीची एस.टी. माझ्या दारावरून जाते, रोज, दिवसातून कितीदा तरी. कंडक्टर ओळखीचा आहे, थांबवली तर थांबेल. मी चढलो नाही. त्याला सांगायचं सोडून तुम्हाला, अनोळखी माणसांना, कागदावर सांगतोय – हेही त्याच जातीचं आहे, मला कळतं.

साहेबांनी विचारलं होतं, बच्चे ने मतलब सही बताया? बैल अडला नव्हता. चाकाखाली धोंडा होता. मालकाने बैलाला मारलं, धोंडा पाहिलाच नाही.

सही बताया, साहेब. शब्दन्‌शब्द बरोबर होतं.